थंडीच्या दिवसांत दगडाची करवत : अकीक कापणाऱ्यांसाठी खबरदारीच्या गोष्टी

अकीकाची अंगठी आणि तसबीहचे दाणे आपल्या बाजारात रोज विकले जातात. पण दुकानाच्या काचेआड चमकणारा हा दगड ज्या कारागिराच्या हाताखालून येतो, त्याच्या कामाची ग्राहकाला फारशी कल्पना नसते. जयपूरच्या रामगंज आणि घाटगेट भागांत, तसेच गुजरातेत खंभातला हे हुनर पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे आणि त्यात आपल्या बांधवांचा मोठा हिस्सा आहे. राजपिपळ्याजवळच्या रतनपूरच्या खाणी अकीकासाठी जुन्या काळापासून प्रसिद्ध आहेत. तेथेच बावा गोर यांचा दर्गा आहे आणि खंभातचे अकीकवाले आपल्या हुनराचा संबंध त्यांच्याशी जोडतात. आपल्या दख्खनच्या काळ्या खडकातही अकीक सापडतो.

या धंद्यात हिवाळा हा नुकसानीचा हंगाम ठरू शकतो. जयपुरात जानेवारीच्या रात्री पारा ८ अंशांच्या आसपास येतो, कधी त्याहूनही खाली जातो. आपल्याकडे नाशिक, निफाड, जळगाव भागांतही थंडीच्या लाटेत काही वेगळे नसते. सकाळी कारखाना उघडून कारागीर बटण दाबतो आणि मोटार नुसती गुरगुरते, किंवा पट्टा घसरतो. असे का होते, ते समजून घेऊ.

करवत कापत नाही, घासते

दगड कापणाऱ्या करवतीला लाकडाच्या करवतीसारखे दात नसतात. पोलादी चकतीच्या कडेला हिऱ्याची भुकटी बसवलेली असते आणि ती दगड घासत घासत आत जाते. अकीकाचा कठीणपणा साडेसहा ते सातच्या दरम्यान, तर हिऱ्याचा दहा. या घासण्यातून उष्णता आणि बारीक गाळ निर्माण होतो. दोन्ही वाहून नेण्यासाठी चकतीची कड खालच्या टाकीतील पाण्यात किंवा तेलात बुडलेली असते. हा ओलावा वेळेवर कडेपर्यंत पोहोचला नाही, तर चकती तापते, वाकते आणि महागडी हिऱ्याची कड वाया जाते.

तेल घट्ट होते

शिलाई मशीन चालवणाऱ्यांना हे ठाऊक आहे की थंडीत तेल जड होते आणि मशीन सकाळी अडखळते. करवतीच्या टाकीत तर काही लिटर तेल असते. ते घट्ट झाले की चकतीला ते कापत फिरावे लागते आणि मोटारीवर बोजा येतो. बेअरिंगमधले ग्रीसही आवळलेले असते. उपाय साधे आहेत. तेलाचा डबा रात्री उबेच्या खोलीत ठेवावा आणि सकाळी टाकी भरावी. चकती तेलात अर्ध्या इंचापेक्षा जास्त बुडवू नये. दगड न लावता करवत पाच-दहा मिनिटे मोकळी चालवावी, मगच काम सुरू करावे आणि पहिले काही मिनिटे दगड हलक्या हाताने पुढे सरकवावा.

काहीजण तेल पातळ करण्यासाठी त्यात रॉकेल किंवा डिझेल ओततात. ही सवय धोक्याची आहे. रॉकेलची वाफ चाळीस अंशांच्या आसपासच पेट घेऊ शकते आणि फिरणाऱ्या चकतीवरून उडणारा बारीक फवारा त्याहूनही लवकर पेटतो. टाकीखाली शेगडी किंवा स्टोव्ह ठेवणे म्हणजे आगीला दावत देणे होय. थंडीसाठी मुळातच पातळ असलेले खनिज तेल घ्यावे.

पाणी वापरणाऱ्यांसाठी

पाण्यावर काम करणाऱ्यांचा त्रास निराळा. जर्मनीतील इडार-ओबरश्टाइन या अकीकाच्या जुन्या केंद्रात किंवा आपल्या काश्मिरात पारा शून्याखाली गेला की टाकीतले पाणी गोठते. गोठताना ते सुमारे ९ टक्के फुगते आणि पंप, नळी, टाकी फोडते. चकती बर्फात अडकलेली असताना बटण दाबले तर चकती गेलीच. म्हणून संध्याकाळी पाणी काढून टाकावे, चकती क्षणभर रिकामी फिरवून झटकावी आणि पुसून तेलाचा हात फिरवावा. जेथे पाणी गोठत नाही तेथेही हा नियम पाळावा, कारण रात्रभर पाण्यात राहिलेली चकती गंजते. गोठू नये म्हणून मोटारगाडीच्या रेडिएटरचे रसायन पाण्यात मिसळू नये. त्यातील ग्लायकोल विषारी असते आणि त्याचे तुषार हातातोंडावर उडतात.

दगडही रात्रभर अंगणात ठेवू नये. थंडगार दगड चकतीच्या उष्णतेने एकदम तापला की बारीक भेग फाकते. ओपलसारखे नाजूक दगड तर लगेच तडकतात. ते आदल्या रात्रीच आत आणावेत.

सर्वात महत्त्वाची गोष्ट

गार पाण्याने बोटे बधिर होतात आणि बधिर बोटाला चकती कळत नाही. म्हणून काही कारागीर थंडीत पाणी बंद करून कोरडेच काम करतात आणि दारेखिडक्या लावून घेतात. येथेच जिवाचा प्रश्न उभा राहतो. अकीक म्हणजे सिलिका. त्याची बारीक धूळ फुप्फुसात बसली की सिलिकोसिस होतो. त्यावर पूर्ण बरे करणारा इलाज नाही आणि अशा माणसाला क्षयाचा धोकाही वाढतो. खंभातच्या अकीक कारागिरांतील हा आजार अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने अभ्यासला आहे. काम घरात चालते, म्हणून बायकामुले आणि शेजारीही या धुळीतून सुटत नाहीत.

यासाठी पाणी कोमट करून वापरावे, पण बंद करू नये. खिडकी उघडी ठेवावी आणि धूळ बाहेर खेचणारा पंखा लावावा. जमिनीवरचा गाळ वाळण्याआधी ओल्या फडक्याने पुसावा. वाळलेला गाळ झाडला की तीच धूळ हवेत जाते. तोंडावरचा रुमाल ही धूळ अडवत नाही, त्यासाठीचा खास मास्क मिळतो तो वापरावा. बंद खोलीत कोळशाची शेगडी कदापि ठेवू नये. तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो. डोके दुखते, गुंगी येते आणि माणूस झोपेतच जातो. ओल्या हातांनी बटण दाबू नये, मोटारीला अर्थिंग असावे.

कारखानदार बंधूंना एवढेच सांगणे आहे की, सकाळची दहा मिनिटे आणि संध्याकाळची दहा मिनिटे या कामासाठी कारागिराला मोकळी द्यावीत. त्यात जेवढे नुकसान दिसते, त्याहून जास्त एक चकती बिघडली तर होते. चकती नवी आणता येते, फुप्फुस नाही.