स्तनाग्रांतील स्राव व त्याचें चित्र

आजचा विषय घरांत सहसा उच्चारला जात नाहीं, म्हणूनच तो येथें स्पष्ट मांडावयाचा आहे. पिंपरी-चिंचवड व चाकण या भागांत कारखान्यांत पाळीवर जाणारी एखादी स्त्री आंतल्या कपड्यावर स्तनाग्राजवळ लहानसा डाग पाहते. तो घामाचा किंवा वंगणाचा असेल असें समजून धुऊन टाकते. डाग जातो, त्याचें कारण मात्र तसेंच राहतें.

प्रत्येक स्राव भयसूचक नसतो. दोन्ही स्तनांच्या अनेक छिद्रांतून, दाबल्यावरच येणारा हिरवट वा पिवळसर स्राव बहुधा निरुपद्रवी असतो. मूल अंगावर पीत नसतां दोन्हीकडून दुधासारखा स्राव येत असल्यास गर्भारपण, एखादें औषध किंवा ग्रंथींचा बिघाड यांचा विचार करावा लागतो. तेथें रक्ताची तपासणी अधिक उपयोगी. परंतु एकाच स्तनाच्या एकाच छिद्रांतून, न दाबतां आपोआप, रक्तमिश्रित किंवा पाण्यासारखा स्राव येऊं लागला, तर त्याचें मूळ शोधलेंच पाहिजे. बहुधा तें दुग्धनलिकेंत वाढलेल्या पॅपिलोमा नांवाच्या, चामखिळीसारख्या साध्या गांठींत असतें. कांहीं थोड्या स्त्रियांत मात्र तें कर्करोगांत असतें. हा भेद बाहेरून ओळखतां येत नाहीं.

आंतलें दृश्य दाखविणारीं साधनें कोणतीं? राँटजेननें १८९५ सालीं क्ष-किरण शोधले, आणि १९१३ सालीं बर्लिनच्या आल्बर्ट सालोमन या शस्त्रवैद्यानें शस्त्रक्रियेनें काढलेल्या स्तनांचीं क्ष-किरण चित्रें अभ्यासून आजच्या मॅमोग्राफीचा पाया घातला. चुन्याचे सूक्ष्म कण मॅमोग्राफींत उत्तम दिसतात. पण नलिकेंतील इवलीशी मऊ गांठ तींत निसटूं शकते. ती सोनोग्राफींत, फुगलेल्या नलिकेच्या काळ्या पोकळींत, दिसण्याचा संभव अधिक. म्हणून चाळिशीनंतर सामान्यतः दोन्ही तपासण्या करतात. तिशीच्या आंत सोनोग्राफीनेंच आरंभ होतो, कारण तरुण स्तनाच्या दाटपणामुळें क्ष-किरण चित्रांत बारकावे झांकले जातात.

दोन्ही चित्रें निर्दोष आलीं तरी स्राव चालूच असेल, तर स्वस्थ बसूं नये. शिरेंतून औषध देऊन केलेला एम. आर. आय., किंवा त्याच छिद्रांत बारीक नळीनें द्रव्य सोडून घेतलेलें नलिकेचें क्ष-किरण चित्र, हे पुढील मार्ग आहेत. संशयित जागा सांपडल्यास चित्राच्या आधारानें सुईनें तुकडा घेऊन तो सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतात. चित्र जागा दाखवितें. निवाडा या तुकड्यावरच होतो.

विमाधारक कामगार-कुटुंबांस चिंचवडच्या मोहननगरांतील कामगार राज्य विमा योजनेचें रुग्णालय, आणि सर्व नागरिकांस महानगरपालिकेचें पिंपरी येथील यशवंतराव चव्हाण स्मृति रुग्णालय जवळ आहे. प्रथम शस्त्रवैद्याला दाखवावें. स्राव कोणत्या बाजूचा, कोणत्या रंगाचा, आपोआप कीं दाबल्यावर, हें ध्यानांत ठेवावें. पाहण्यासाठीं वारंवार दाबूं मात्र नये, कारण दाबण्यानेंच तो चालू राहतो. पुरुषाला असा स्राव झाला, तर त्यानेंही विलंब करूं नये. आणि सुनेनें किंवा लेकीनें असा डाग दाखविला, तर घरांतील वडीलधाऱ्यांनीं तिला गप्प बसवूं नये. तिच्याबरोबर दवाखान्यांत जावें.