चाकांवरच्या घराचे जोते

उसाने भरलेली बैलगाडी कारखान्याच्या वाटेला लागलेली आपण सर्वांनी पाहिली आहे. गाडीवान मोळ्या कशाही रचीत नाही. भार मागे अधिक झाला तर गाडी उलाळ होते. जू बैलांच्या मानेवरून वर उचलू लागते. भार पुढे अधिक झाला तर तोच बोजा बैलांच्या मानेवर बसतो आणि खांदे सुजतात. म्हणून जाणता गाडीवान थोडासाच भार पुढे राहील अशा बेताने गाडी भरतो आणि धुरीला हात लावून तो अजमावून पाहतो. त्याने यंत्रशास्त्राचे पुस्तक उघडलेले नसते. पण आज मी जे सांगणार आहे, त्यातला निम्मा भाग त्याला ठाऊक असतो.

आजचा विषय मोटारीमागे ओढून नेण्याच्या एका चिमुकल्या घराचा, आणि त्याहीपेक्षा ते घर ज्या लोखंडी सांगाड्यावर उभे राहते त्या सांगाड्याचा आहे. या घराला अमेरिकेत 'टीयरड्रॉप' म्हणतात, म्हणजे अश्रूचा थेंब. पुढून गोल आणि मागे निमुळता होत गेलेला असा त्याचा आकार असतो. आत दोन माणसांना झोपण्यापुरती जागा. मागचे झाकण वर उचलले की त्याखाली शेगडी, बर्फाची पेटी आणि भांडी ठेवण्याची फळी. १९३० नंतरच्या दशकात, मंदीच्या दिवसांत, अमेरिकेत ही घरे दिसू लागली. 'पॉप्युलर मेकॅनिक्स'सारख्या मासिकांतून घरी बांधता येण्याजोग्या ट्रेलरांचे आराखडे छापून येत, आणि हौशी माणूस सुटीच्या दिवशी करवत घेऊन बसे. १९४५ साली महायुद्ध संपल्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा मुबलक झाला, तशी त्यांची संख्या वाढली. पुढे मोटारी दांडग्या झाल्या, ओढायची घरेही मोठी झाली आणि ही लहान घरे मागे पडली. विसाव्या शतकाच्या अखेरीस हौशी मंडळींनी त्यांना पुन्हा वर काढले.

माझा भाचा तिकडे ओहायो राज्यात असतो. त्याने असे घर बांधायला घेतले आणि मला फोन केला, "मामा, सांगाडा स्वस्तात मिळाला. आता त्यावर मावेल तसं घर बांधतो." मी त्याला एवढेच विचारले, "अरे, जोतं घराकडे बघून घालतात, की घर जोत्याकडे बघून बांधतात?" तो हसला, पण त्या प्रश्नापासून आमचे जे बोलणे सुरू झाले ते दोन महिने चालले. त्याचे सार आपल्यापुढे ठेवतो.

पहिला प्रश्न वजनाचा. लाकडी पाट्यांच्या, म्हणजे प्लायवूडच्या, तक्त्याचे माप तिकडे ४ फूट रुंद व ८ फूट लांब असते. म्हणून लहानात लहान घर बहुधा याच मापाचे करतात. भाच्याच्या घराची बेरीज आम्ही कागदावर मांडली. प्लायवूड, पत्रा, दारे, गादी व मागचे स्वयंपाकघर मिळून सुमारे २५० किलो, सांगाडा, आस आणि चाके १३०, सामानसुमान ७०. एकूण ४५० किलो. ही बेरीज सांगाडा विकत घेण्याच्या आधी करायची, नंतर नव्हे. सांगाड्यावरच्या पट्टीवर एक कमाल वजन कोरलेले असते. त्या आकड्यात सांगाड्याचे स्वतःचे वजन धरलेले आहे की नाही, हे विचारून घ्यावे. पुष्कळांची पहिली चूक येथेच होते.

दुसरा प्रश्न तोलाचा. बैलगाडीला जू असते तसा ट्रेलरला पुढे दांडा असतो, आणि त्याचे टोक मोटारीमागच्या लोखंडी गोळ्यावर बसते. अमेरिकेतला रूढ नियम असा, की एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार या गोळ्यावर यावा. ४५० किलोंचे १२ टक्के म्हणजे ५४ किलो. आता गणित पाहा. दांडा घरापुढे १.२ मीटर आहे आणि सर्व वजनाचा मध्य गोळ्यापासून २.४ मीटरवर आहे असे धरू. तर ५४ किलो गोळ्यावर यावेत म्हणून आस गोळ्यापासून २.७३ मीटरवर, म्हणजे वजनाच्या मध्यापासून ३३ सेंटिमीटर मागे, बसवावी लागेल. हे अंतर घराघणिक बदलते. म्हणून आसेची जागा आधीच पक्की झालेला सांगाडा घेताना आपल्या घराचा भार नेमका कोठे पडणार आहे, हे ठाऊक असलेच पाहिजे.

येथे एक खोच आहे. या घराचे स्वयंपाकघर मागे असते. पाण्याचा डबा, बर्फाची पेटी, शेगडी, भांडी असे ५० किलो मागाहून भरले, आणि ते आसेच्या ७० सेंटिमीटर मागे पडले, तर गोळ्यावरचा भार ५४ वरून ४१ किलोंवर येतो. एकूण वजन मात्र ५०० होते. म्हणजे १२ टक्क्यांचे ८ टक्के झाले आणि गाडी उलाळीच्या वाटेला लागली.

बैलगाडी उलाळ झाली तर जू वर उचलते आणि गाडीवानाला ते दिसते. मोटारीच्या मागे उलाळ झालेला ट्रेलर तसे सांगत नाही. तो ताशी ४० किलोमीटरला शहाण्यासारखा चालतो. वेग वाढला, शेजारून मोठा ट्रक गेला, वाऱ्याचा झोत लागला, की तो शेपटीसारखा डोलू लागतो. प्रत्येक हेलकावा आधीच्याहून मोठा होत जातो आणि शेवटी मागची गाडी पुढच्या मोटारीला ओढून नेते. सरकत्या पट्ट्यावर खेळण्यातली मोटार व ट्रेलर ठेवून हे दाखवता येते. वजन आसेच्या पुढे ठेवले तर ढकलल्यावर ट्रेलर सावरतो. तेच वजन मागे सरकवले तर तोच धक्का त्याला उलटवतो. वेळ आलीच तर एकदम ब्रेक दाबू नये; पाय हळूहळू काढून वेग उतरू द्यावा. पण खरा उपाय घरी निघण्यापूर्वीचा आहे. दांड्याचे टोक गोळ्याच्या उंचीवर धरून त्याखाली माणसे वजन करतात तो साधा काटा ठेवावा आणि सामान भरलेल्या घराचा आकडा वाचावा. गाडीवान हाताने अजमावतो, ते आपण काट्यावर वाचायचे.

तिसरा प्रश्न ताकदीचा. नवशिका माणूस घराखालची चौकट पाहतो आणि ती जाडजूड असावी म्हणतो. वास्तविक तेथे फारसा ताण येत नाही. फूटपट्टी आडवी धरली तर वाकते, उभ्या कडेवर धरली तर वाकत नाही. या घराच्या दोन्ही बाजूंच्या भिंती म्हणजे ४ फूट उंचीच्या उभ्या फूटपट्ट्याच होत. त्या चौकटीला पक्क्या बोल्टने जखडल्या, म्हणजे घर स्वतःच चौकटीला ताठ ठेवते. दांड्याला मात्र कोणाचाही आधार नसतो. घराच्या पुढच्या कडेतून तो जेथे बाहेर पडतो, तेथे वाकण्याचा सगळा ताण एकवटतो. ५४ किलो गुणिले १.२ मीटर, हा उभ्या गाडीचा हिशेब; खड्ड्यात चाक आपटले की तो काही पटींनी वाढतो, आणि असे धक्के एका प्रवासात हजारोंनी बसतात. लोखंड एका धक्क्याने तुटत नाही, पण पुनःपुन्हा वाकवलेल्या तारेसारखे थकते. त्यातही दांड्यावर आडवा वेल्डिंगचा सांधा त्याच जागी घातला असेल, तर तडा तेथूनच सुरू होतो. म्हणून तेथे आडवा सांधा टाळावा. दांडा तेथेच न संपवता चौकटीखालून बराच मागेपर्यंत न्यावा, किंवा इंग्रजी 'ए' अक्षरासारखे दोन तिरपे हात करून दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांना जोडावेत.

लोखंडाचा आकार कोणता घ्यावा? अँगल आणि चॅनल स्वस्त, पण पिळाला कच्चे. पुठ्ठ्याची चिकटवलेली नळी पिळून पाहा, मग तिला उभी चीर देऊन पिळा. फरक हाताला कळेल. चौकोनी पाइप ही बंद नळी आहे, म्हणून ती बरी. पाइपातही जाडीपेक्षा उंचीला महत्त्व आहे. २ इंच रुंद व २ इंच उंच पाइपाऐवजी तेवढ्याच जाडीच्या पत्र्याची ३ इंच उंचीची घेतली, तर वजन पाव हिश्शाने वाढते, पण ताठपणा अडीच पटींहून अधिक होतो. दांड्यासाठी हा सौदा डोळे मिटून करावा.

चौथा प्रश्न आस, कमानी आणि चाकांचा. येथे भक्कम ते चांगले, हा समज फसवतो. दीड टन वाहणाऱ्या पाट्यांवर साडेचारशे किलोंचे घर ठेवले तर पाटे हालतच नाहीत. प्रत्येक खड्डा जसाच्या तसा वर जातो, खिळे ढिले होतात आणि कपाटे उघडतात. रबरावर पीळ घेणारी आस मिळते, तिचाही नियम हाच. कमान वजनाला मापून घ्यावी, थोडी अधिक, फार अधिक नाही. चाके अगदी लहान नसावीत. ताशी १०० किलोमीटर वेगाला १६ इंच व्यासाचे चाक मिनिटाला सुमारे १,३०० फेरे घेते, २६ इंचांचे सुमारे ८००. जादा फेऱ्यांचा ताप बेअरिंगला होतो.

आता सांगाडा आणायचा कोठून? तीन वाटा आहेत. नटबोल्टांनी जोडायचा तयार सांगाडा स्वस्त असतो आणि नोंदणीची कागदपत्रे बरोबर येतात. पण तो माती-लाकूड वाहण्यासाठी केलेला असल्याने दांडा बहुधा आखूड व हलका असतो. जुना सांगाडा आणखी स्वस्त, तथापि गंज पोखरून पाहावा लागतो. होडी वाहणारा तर टाळावाच, कारण होडीचे इंजिन मागे असल्याने त्याची आस फार मागे असते. तिसरी वाट आपल्या मापाने वेल्डिंग करून घेण्याची. ती खर्चाची आहे, सांधे कसबी हाताचे हवेत, आणि घरी केलेल्या ट्रेलरला तिकडे काही राज्यांत तपासणी करवून क्रमांक घ्यावा लागतो. पण आस आणि दांडा नेमके हवे तेथे येतात.

भाच्याने पहिली वाट सोडली नाही, पैसे गुंतले होते. त्याने आस मागे सरकवली आणि दांडा लांबवला. दांड्याचा पाइप मात्र जुनाच ठेवला. पहिल्या उन्हाळ्यात तो बायको आणि लहान मुलीला घेऊन हजारभर मैल फिरला. परत आल्यावर त्याने मला एक फोटो पाठवला. दांडा घरातून बाहेर पडतो तेथे रंगावर केसाएवढी तांबूस रेघ होती. त्याला वाटले, रंग उडाला. तो गंज होता, आणि गंजाखाली बोटभर लांबीचा तडा होता. दांडा लांबला होता, त्यामुळे मुळाशी येणारा ताण वाढला होता, आणि पाइप मात्र आखूड दांड्याच्या मापाची होती. आपण तोल सुधारला आणि ताकद विसरलो, हे त्याने स्वतःच कबूल केले. मलाही ते आधी विचारायला हवे होते, हे मी कबूल करतो.

आता तेथे ३ इंच उंचीची पाइप चौकटीखालून थेट आसेपर्यंत गेली आहे. प्रत्येक प्रवासापूर्वी तो काट्यावर भार पाहतो आणि ओल्या फडक्याने दांड्याचे मूळ पुसून रेघ शोधतो. त्याची मुलगी त्याला बॅटरी धरते.

तात्पर्य, क्रम ध्यानात ठेवावा: आधी वजन, मग तोल, मग दांड्याचे मूळ, मग कमान व चाके, आणि किंमत सर्वांत शेवटी. ट्रेलर सुटला तर मागून येणारी मोटार दुसऱ्याच कोणाची असते, आणि त्या माणसाने आपले घर बांधताना कसलाही सल्ला दिलेला नसतो. त्याच्या जिवाची जबाबदारीही आपल्या जोत्यावरच असते.