काकूच्या भिंतीवरची जोडी

काल काकूशी व्हिडिओ कॉलवर बोलता बोलता तू मध्येच ओरडलीस, "आजोबा, काकूच्या मागे भिंतीवर दोन कुत्रे!" मनू, ते कुत्रे नाहीत गं, लांडगे आहेत. एक नर, एक मादी. काकाने व्हॅलेंटाइनची भेट म्हणून काकूच्या नावाने ती जोडी दत्तक घेतली आहे.

डोळे मोठे करू नकोस, घरी येतो तो फक्त फोटो आणि एक प्रमाणपत्र. आपल्या बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात वाघ-बिबटे दत्तक घेता येतात ना, तसंच. लांडगे राहतात त्यांच्याच जागी, पैसे जातात त्यांच्या मांसाला, औषधपाण्याला. काका राहतो त्या अमेरिकेतल्या मिसूरी राज्यातल्या सेंट लुईस शहराजवळ जंगलात लांडग्यांचं एक केंद्र आहे. मार्लिन पर्किन्स आणि त्यांची पत्नी कॅरॉल, या नवराबायकोने ते 1971 साली उभं केलं. मागच्या उन्हाळ्यात मी तिथे गेलो होतो. उंच कुंपण, आत झाडी, आणि लांडगे कुठे आहेत ते शोधावं लागतं. माणसाची सवय लागू नये म्हणून त्यांना कुणी लाडाने हाक मारत नाही की हाताने भरवत नाही. उद्या रानात सोडायची वेळ आली तर माणूस दिसताच पळालं पाहिजे, तरच जगतील.

हे मेक्सिकन लांडगे, आकाराने लहान, पंचवीस-तीस किलोंचे. पूर्वी मेक्सिकोपासून अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना, न्यू मेक्सिकोपर्यंत त्यांचं राज्य होतं. मग माणसं गुरं घेऊन आली, लांडग्यांनी वासरं मारली, आणि माणसांनी विष घातलं, सापळे लावले, गोळ्या झाडल्या. सरकारनेच त्यासाठी पगारी माणसं ठेवली होती. 1976 साली कायद्याने संरक्षण मिळालं तेव्हा अमेरिकेच्या रानात जवळजवळ एकही उरला नव्हता. मग उरलेसुरले वाचवायला रॉय मॅकब्राइड नावाच्या मुरलेल्या सापळेवाल्याला मेक्सिकोत पाठवलं. 1977 ते 1980 या काळात त्याने हुडकून पाच लांडगे जिवंत पकडले. त्यांत मादी एकच, आणि तीही गाभण. आधीपासून पिंजऱ्यांत सांभाळलेली आणखी दोन छोटी कुळं होती, तीही पुढे यात मिसळली. आज जगात जेवढे म्हणून मेक्सिकन लांडगे आहेत, ते सगळे फक्त सात पूर्वजांचे वंशज. सात! आपल्या सोसायटीतल्या एका मजल्यावर याहून जास्त माणसं राहतात.

आता अडचण बघ. सात जणांचं खानदान म्हणजे सगळेच एकमेकांचे चुलत-मावस. जवळच्या नात्यात पिल्लं होत राहिली की ती कमी होतात, अशक्त होतात. म्हणून प्रत्येक लांडग्याला एक नंबर असतो आणि सगळ्यांच्या आईबापांची नोंद एका वंशावळीच्या वहीत असते. दरवर्षी तज्ज्ञ एकत्र बसतात आणि स्थळं जुळवतात. आपल्याकडे सगोत्र नको म्हणून गोत्र विचारतात, तसंच हे गोत्र बघणं. ज्याचं रक्त कळपात सगळ्यात कमी पसरलंय, त्याचा मान पहिला. मग न्यूयॉर्कजवळची वधू पार मिसूरीला येते. 2017 साली तर या केंद्रात गोठवून ठेवलेल्या वीर्यापासून पिल्लू जन्मलं, मेक्सिकन लांडग्यांत असं पहिलंच.

वहीत जुळलं तरी मनं जुळावी लागतात बरं! आधी हुंगणं, लांब बसणं, मग खांद्याला खांदा लावून चालणं, एकमेकांची लव चाटणं, आणि एके दिवशी चिकटून झोपणं. मान वर करून दोघांनी सूर लावला तर एकाचा वर जातो, दुसऱ्याचा खाली, आणि दोनच असून दहा असल्यासारखे वाटतात. एकदा जमलं की बहुधा जन्मभर. जोडीदार मेला तर दुसरा शोधतात, तेही खरंच. मीलनाचा हंगाम वर्षातून एकदाच, फेब्रुवारी-मार्चमध्ये. म्हणून काकाची भेट अगदी वेळेवर आली म्हणायची! त्रेसष्ट दिवसांनी, वसंतात, बिळात पिल्लं होतात. जेमतेम अर्ध्या किलोची, आंधळी, बहिरी. आई त्यांना सोडून हलत नाही, म्हणून बाप शिकार करून तिला आणून देतो. पुढे पिल्लं मोठ्यांच्या तोंडाचा कोपरा चाटतात आणि मोठे पोटातलं मांस ओकून त्यांना देतात. नाक मुरडू नकोस, त्यांचा तो मऊ भात आहे.

1998 च्या मार्चमध्ये अकरा लांडगे अ‍ॅरिझोनात मोकळे सोडले. काहींना गोळ्या लागल्या, तरी काम थांबलं नाही. 2024 अखेरच्या गणतीत अमेरिकेच्या रानात किमान 286 भरले.

आणि सगळ्यात नवलाची गोष्ट मी मुद्दाम मागे ठेवली होती. केंद्रात वाढलेल्या मोठ्या लांडग्याला रान शिकवायचं कसं? तर शिकवायचंच नाही, पिल्लू असतानाच रानातल्या आईकडे द्यायचं. 2016 साली या केंद्रातली दोन पिल्लं न्यू मेक्सिकोला गेली. वय चौदा दिवसांच्या आत हवं, आणि रानातल्या पिल्लांचं वयही जवळपास तेवढंच. माणसांची चाहूल लागली की आई बाजूला होते. तेवढ्यात बिळातली पिल्लं काढून नव्या पिल्लांच्या अंगाला घासायची, त्यांचं मूत लावायचं, बिळातली माती चोळायची आणि सगळी एकत्र परत आत ठेवून झटपट निघून यायचं.

"मग आई परत आली की तिला कळत नाही? दोन जास्त झाली ते?"

ती मोजत नाही गं. हुंगते. सगळ्यांना एकच वास. मग आडवी होते आणि सगळ्यांना पाजते.

"आणि फोटोतल्या त्या दोघांना माहीत आहे का, त्यांचा फोटो काकूकडे आहे?"

नाही, मनू. ते आत्ता झोपले असतील. तिथे पहाट व्हायची आहे.