भिंतीतले पाणी जाते कुठे?

इंग्लंडच्या कॉट्सवोल्ड भागात सतराव्या शतकातील चुनखडी दगडाची शेतघरे आजही वापरात आहेत. सुमारे अर्धा मीटर जाड भिंती, मोठ्या उताराची दगडी छपरे. पावसात दगड थोडे पाणी शोषतो. चुन्याने भरलेल्या दरजा सच्छिद्र असल्याने ते त्यांतून वाफ होऊन निघून जाते. विसाव्या शतकात अनेक घरांच्या दरजा सिमेंटने भरल्या गेल्या. पाणी दगडातच अडकले, हिवाळ्यात गोठून प्रसरण पावले आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागले. आपण मजबुती शोधतो, पण इथे दरज दगडापेक्षा मऊच हवी: झिजलेली दरज पुन्हा भरता येते, दगड नाही. खडूवर आणि सिमेंटच्या तुकड्यावर पाण्याचा एकेक थेंब टाकून सच्छिद्रतेतला फरक आपण वर्गातही पाहू शकतो.