दहा प्लॉट आणि एक मंडळ

सोयाबीन काढणीला आलं की काही निवडक शेतांत फीत, दोरी, खुंट्या आणि तराजू घेऊन माणसं उतरतात. तलाठी, ग्रामसेवक किंवा कृषी सहायक यांपैकी ज्याच्या वाट्याला ते गाव आलं असेल तो, गावातले दोघे-तिघे, आणि आला तर विमा कंपनीचा प्रतिनिधी. कोणत्या गट नंबरात जायचं आणि त्या शेतात खुंटी कुठे ठोकायची, दोन्ही रँडम नंबरवरून ठरतं. पीक डोळ्यांत भरलं म्हणून तिथे दोरी लावायची मुभा नाही. दहा मीटर बाय पाच मीटरचा प्लॉट आखायचा, तेवढंच कापायचं, मळायचं, तोलायचं. हा पीक कापणी प्रयोग. अशा मोजक्या प्लॉटांच्या सरासरीवर अख्ख्या महसूल मंडळाचं उत्पादन जाहीर होतं आणि विम्याची भरपाई ठरवतानाही तो आकडा धरला जातो.

जाहीर होतो तो एकच आकडा. संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याने असा एकटा आकडा लिहिला तर परीक्षक त्याचे गुण कापतील, कारण त्याच्यासोबत ‘मागेपुढे किती?’ याचं उत्तर नाही. हे उत्तर काढण्याच्या रीतीला विश्वास अंतराल, म्हणजेच कॉन्फिडन्स इंटरव्हल म्हणतात. रीत अवघड नाही, एका वहीच्या पानावर मावते.

समजा, एका मंडळात दहा प्रयोग झाले आणि हेक्टरी क्विंटलमध्ये हे आकडे आले : ९, १४, ११, १६, ८, १२, १३, १०, १५, १२. बेरीज १२०, सरासरी १२. आता प्रत्येक आकडा सरासरीपासून किती लांब आहे ते पाहायचं, त्या फरकांचे वर्ग करायचे आणि मिळवायचे. ते येतात ६०. त्यांना दहाने नव्हे, नऊने भागायचं, कारण सरासरी आपण याच दहा आकड्यांतून काढली आहे आणि तिथे एक आकडा खर्ची पडला. उत्तर ६.६७, त्याचं वर्गमूळ २.५८. हे झालं प्रमाण विचलन, म्हणजे एका प्लॉटाचा दुसऱ्याशी किती मेळ नाही त्याचं माप. आपल्याला मात्र प्लॉटाची नाही, सरासरीची डळमळ हवी आहे. म्हणून २.५८ ला दहाच्या वर्गमुळाने, ३.१६ ने भागायचं. आले ०.८२. याला प्रमाण त्रुटी म्हणतात. शेवटी तिला २.२६ ने गुणायचं : १.८५. मंडळाची सरासरी १२ क्विंटल, मागेपुढे १.८५. अंतराल १०.१५ ते १३.८५.

हे २.२६ कुठून आलं? नमुना मोठा असेल तर ९५ टक्के विश्वासासाठी १.९६ हा गुणक चालतो. पण नमुना छोटा असला की प्रमाण विचलनसुद्धा अंदाजानेच काढलेलं असतं आणि त्या अंदाजाची चूक वर चढते. विल्यम गॉसेट नावाच्या माणसाने हे १९०८ मध्ये दाखवून दिलं. तो डब्लिनच्या गिनेस कंपनीत, बिअर गाळणाऱ्यांकडे नोकरीला होता. बार्लीच्या थोड्याथोडक्या चाचण्यांवरून निर्णय घेणं हे त्याचं रोजचं काम. स्वतःच्या नावाने लेख छापायची कंपनीची परवानगी नसल्यामुळे त्याने ‘स्टुडंट’ हे टोपणनाव घेतलं, आणि त्याचं ‘टी’ कोष्टक आजही त्याच नावाने ओळखलं जातं. दहा प्लॉटांसाठी त्यातला गुणक २.२६, चारच असतील तर ३.१८. विचलन तेवढंच धरलं तरी चार प्लॉटांचं अंतराल ७.९ ते १६.१ होतं. एवढ्या रुंद आकड्यावर कुणी धान्याचा सौदासुद्धा करणार नाही. उलट चाळीस प्लॉट घेतले तर ११.२ ते १२.८. म्हणजे अनिश्चितता साधारण निम्मी करायला मेहनत चौपट. वर्गमुळाचा हा हिशेब कुठल्याही खात्याला चुकत नाही.

पैशांत पाहू. उंबरठा उत्पादन, म्हणजे ज्याच्या खाली गेलं की भरपाई लागू होते तो आकडा, १३ क्विंटल आहे आणि विमा संरक्षित रक्कम हेक्टरी ५०,००० रुपये, असं धरा. सरासरी १२ आली तर तूट तेराव्या हिश्शाची, भरपाई साधारण ३,८५०. खरी सरासरी अंतरालाच्या खालच्या टोकाला असेल तर रास्त भरपाई जवळपास ११,००० होते, आणि वरच्या टोकाला असेल तर शून्य. दहाही प्रयोग प्रामाणिकपणे झालेले आहेत, तरीही. शिवाय प्रत्येक गावात दोन-दोन प्लॉट असतील तर एका गावातले प्लॉट एकमेकांसारखे असतात, त्यामुळे खरं अंतराल याहूनही रुंद निघतं. भरपाईवरून होणाऱ्या भांडणांत लबाडीचा आरोप लगेच होतो. निव्वळ नशिबाचा वाटा केवढा आहे, हे कुणी बोलत नाही.

आता ते ९५ टक्के. ‘खरी सरासरी १०.१५ ते १३.८५ मध्ये असण्याची शक्यता ९५ टक्के’ असा अर्थ जवळजवळ सगळेच घेतात. ही कल्पना मांडणाऱ्या येर्झी नेमन यांना तो मान्य नव्हता. मंडळाची खरी सरासरी ठरलेली आहे, ती हलत नाही. हलतात ते आपले प्लॉट, आणि त्यांच्याबरोबर अंतराल. म्हणून ९५ टक्के ही रीतीची हमी आहे, या एका उत्तराची नव्हे. समजा, दोन हजार मंडळांत याच रीतीने अंतरालं काढली, तर सुमारे शंभर मंडळांत खरी सरासरी अंतरालाच्या बाहेर पडलेली असेल. ती शंभर कोणती, हे मात्र रीत सांगत नाही. नेमन यांनी १९३४ मध्ये लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे हे मांडलं, तेव्हा आर्थर बाऊली यांनी हा विश्वास म्हणजे गंडवण्याचा प्रकार तर नव्हे ना, अशी शंका बोलून दाखवली होती. शंका अगदीच फुकाची नव्हती.

सरासरीऐवजी प्रमाण काढायचं असेल तर हिशेब आणखी सोपा. पेरणीआधी शेतकरी घरच्या सोयाबीनची उगवण तपासतात. ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ठेवायचे आणि कोंब मोजायचे. ७० उगवले तर बियाणं चालेल, असा निकष. इथे ०.७ गुणिले ०.३, भागिले १००, त्याचं वर्गमूळ ०.०४६, गुणिले १.९६. म्हणजे मागेपुढे नऊ टक्के : ६१ ते ७९. चारशे दाणे घेतले तर ६५.५ ते ७४.५. बियाणं एक पोतं आहे की ट्रकभर, याने यात फरक पडत नाही; फरक पडतो तो तपासलेल्या दाण्यांच्या संख्येने. पण कुणी घाईत दहाच दाणे घेतले आणि दहाही उगवले, तर हेच सूत्र ‘१०० टक्के, मागेपुढे शून्य’ असं छातीठोक सांगतं. हा शुद्ध वेडेपणा. एडविन विल्सन यांनी १९२७ मध्ये सुचवलेलं सूत्र अशा वेळी ७२ ते १०० असं सांगतं, ते पटण्यासारखं आहे.

या सगळ्या गणितात एक गोष्ट मोजलीच जात नाही, आणि ती दाखवून देणाऱ्यांत आपल्या साताऱ्याचा माणूस होता. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, जन्म १९११, गाव बुध. फर्ग्युसनमधून लंडनला गेले, नेमन यांच्याकडे शिकले आणि पुढे भारतात पीक कापणी प्रयोगांची घडी बसवली. त्या काळी कलकत्त्याचे प्रशांतचंद्र महालनोबिस छोट्या प्लॉटांचा पुरस्कार करत होते, चार फूट त्रिज्येचं वर्तुळ वगैरे. छोटा प्लॉट लवकर कापून होतो, म्हणून पुष्कळ घेता येतात, आणि पुष्कळ घेतले की अंतराल अरुंद. सुखात्म्यांनी १९४६ मध्ये ‘नेचर’मध्ये लिहिलं की छोटे प्लॉट उत्पादन फुगवून दाखवतात. कारण साधं आहे. दोरीवर आलेलं झाड आत धरायचं की बाहेर, असा प्रश्न आला की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. चार फुटी वर्तुळात क्षेत्राच्या मानाने कड दहा बाय पाच मीटरच्या प्लॉटापेक्षा अडीच पटीहून जास्त असते, त्यामुळे ओढलेल्या झाडांचा भारही जास्त.

ही चूक नशिबाची नाही, एकाच बाजूला झुकलेली आहे. दहाचे हजार प्लॉट केले तरी ती आटत नाही. उलट अंतराल अरुंद होत जातं आणि चुकीच्या आकड्याभोवती घट्ट बसतं. ओल्या धान्याचं वजन वाळवल्याशिवाय धरलं, फीत सैल सोडली, खुंटी चार पावलं सरकवली, तरी तेच होतं. महालनोबिस यांच्या बाजूचं म्हणणं असं की माणसं नीट तयार केली तर कडेची चूक टाळता येते. सुखात्म्यांना कापणी करून घ्यायची होती ती महसूल खात्याच्या नेहमीच्या माणसांकडून, म्हणून त्यांनी प्लॉट मोठे ठेवले आणि त्यापायी अंतराल थोडं रुंद झालं तर तेही पत्करलं.