दुकानाचे पाणी बदलताना

आपल्या सीमाभागातल्या घरांत एकाच सकाळी ‘नळ आला गं’ आणि ‘नळ बंतु’ अशा दोन हाका ऐकू येतात. अर्थ एकच, घागरी घेऊन पळा! पाणी आले यातच आपल्याला आनंद. ते कुठून आले, हे आपण सहसा विचारत नाही. हा प्रश्न न विचारणे किती महाग पडते, ते मला भोपाळच्या करोंद भागात, माझ्या अक्काच्या हॉटेलात बसून कळले.

अक्का म्हणजे माझी आत्येबहीण. खानापूरकडची मुलगी, लग्न होऊन भोपाळच्या मराठी घरात गेली. करोंद मंडीच्या वाटेवर भावजींचे छोटेसे हॉटेल आहे. सकाळी पोहे-जिलेबी, दिवसभर चहा. गिऱ्हाईक म्हणजे मंडीतले हमाल, टेम्पोवाले आणि माल घेऊन आलेले शेतकरी. मी गेले तेव्हा जार आणि टँकर बंद करून महापालिकेच्या नळाचे पाणी घेण्याची तयारी चालली होती. मला वाटले, प्लंबरचे अर्ध्या दिवसाचे काम. भावजींनी त्यासाठी दोन महिने घेतले.

लाल रंगाचा हातपंप

एवढी काळजी कशासाठी, ते समजायला थोडे मागे जावे लागेल. करोंदपासून दक्षिणेला, फार लांब नाही, युनियन कार्बाईडचा कारखाना उभा आहे. 2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या मधली ती रात्र साऱ्या जगाला ठाऊक आहे. पण हवेतून आलेल्या विषाइतकी जमिनीतल्या विषाची चर्चा झाली नाही. कारखाना 1969 साली सुरू झाला. त्याचा घातक कचरा आवारातच टाकला जाई आणि 1977 पासून दूषित पाणी कुंपणाबाहेरच्या तळ्यांत सोडले जाई. ते हळूहळू जमिनीत झिरपले. 1999 साली ग्रीनपीसच्या तपासणीत तिथे पारा आणि क्लोरीनयुक्त रसायने सापडली. आजूबाजूच्या वस्त्यांना शुद्ध पाणी द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2004 साली दिला. दूषित हातपंपांना लाल रंग फासून ‘पाणी पिण्यायोग्य नाही’ असे लिहिण्यात आले.

‘‘सुरुवातीची काही वर्षं मीही मागच्या गल्लीतल्या हातपंपाचंच पाणी चहाला घेत होतो,’’ भावजी सांगत होते. ‘‘उकळतोय ना, मग झालं, असं वाटायचं. पंपाला लाल रंग लागला त्या दिवशी पोटात गोळा आला. किती जणांना पाजलं असेल मी!’’

उकळल्याने जंतू मरतात, पण पाऱ्यासारखा धातू उकळून नाहीसा होत नाही. पाणी आटले की असे पदार्थ उलट दाट होऊ शकतात. हे कळल्यावर भावजींनी जार आणि टँकरची वाट धरली. खर्च वाढला, पण झोप लागू लागली. कारखान्यातला सुमारे 337 टन कचरा जानेवारी 2025 मध्ये पीथमपूरला नेला आणि त्याच वर्षी जाळण्यात आला. मात्र माती आणि भूजल तिथेच आहे. म्हणून तिकडच्या माणसाला धरणाच्या पाण्याचा नळ म्हणजे नुसती सोय वाटत नाही.

आधी हिशेब, मग पाना

भावजींनी पहिले काम केले ते वहीचे. पंधरा दिवस रोज किती पाणी लागते ते लिहिले. पिण्याला आणि चहाला किती, भांड्यांना किती, फरशीला किती. मंडीच्या गर्दीच्या दिवशी खप जवळजवळ दुप्पट निघाला. त्यावरून टाकी केवढी हवी ते ठरले. नळ ठरावीक वेळीच येणार असेल, तर टाकी किमान एका गर्दीच्या दिवसाला पुरायला हवी.

दुसरे काम अर्जाचे. दुकानाला घरगुती दर चालत नाही, व्यावसायिक जोडणीच घ्यावी लागते. जारवाल्याचा हिशेबही तेव्हाच मिटवायला घेतला. रिकामे जार मोजून परत, अनामत रक्कम वसूल. पण त्याला एकदम ‘उद्यापासून नको’ म्हटले नाही. ‘‘वर्षानुवर्षं त्यानं आपल्याला पाणी पाजलंय, महिनाभर आधी सांगायला नको?’’ अक्का म्हणाली. शिवाय नव्या पाण्याची खात्री होईपर्यंत जुना माणूस हाताशी असलेला बरा.

तिसरे काम तपासणीचे. पाण्याचा रंग स्वच्छ आणि टीडीएस मीटरचा आकडा चांगला, एवढ्यावर विसंबू नये. ते मीटर विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देते. जंतू किंवा विषारी रसायने त्याला दिसत नाहीत. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत आणि कठीणपणा 200 पर्यंत असावा, तर कोलिफॉर्म जंतू अजिबात नसावेत. जंतूंच्या तपासणीसाठी नमुना प्रयोगशाळेच्या निर्जंतुक बाटलीतच घ्यावा, बर्फात ठेवावा आणि त्याच दिवशी पोचवावा.

दोन पाण्यांची गाठ नको

सगळ्यात मोठी चूक इथे होते. जुनी लाइन आणि नवी लाइन एकाच टाकीकडे नेऊन मध्ये व्हॉल्व्ह बसवतात. व्हॉल्व्ह गळला, की बोअरचे पाणी नळाच्या पाण्यात! भावजींनी भांडी धुण्याची जुनी पाइप कापून कायमची बंद केली. नवी पाइप गटारातून न नेता भिंतीवरून नेली. नळ बंद असताना पाइपमधला दाब उतरतो आणि सांध्याला फट असेल तर बाहेरचे सांडपाणी आत ओढले जाते. 2025 च्या डिसेंबरमध्ये इंदूरच्या भागीरथपुऱ्यात नळाच्या पाण्यात सांडपाणी मिसळून माणसे दगावली. नळ नवा म्हणून पाणी निर्धोक, असे नाही.

टाकी रिकामी करून घासली. मग हजार लिटरला सुमारे 200 ग्रॅम ब्लीचिंग पावडर या प्रमाणात द्रावण भरून रात्रभर ठेवले. सकाळी ते सोडून देऊन टाकी आणि पाइप दोन-तीनदा धुतले. हे काम करताना झाकण उघडे, नाकाला फडके आणि हातमोजे हवेतच.

चव बदलते!

जड पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, हे आपल्या आया-आजींना पाठ आहे. पाणी हलके झाले की चहाचा रंग, डाळीचा वेळ, इडलीच्या पिठातले पाण्याचे प्रमाण, सारेच थोडे बदलते. क्लोरीनचा वास येत असेल तर पाणी स्वच्छ भांड्यात तासभर ठेवावे. भावजींनी नवे पाणी आधी आठवडाभर घरी वापरले. दुसरा अहवाल चांगला आला, तेव्हाच ते हॉटेलच्या पातेल्यात गेले.

आपल्यासाठी

बेळगावकरांना ही गोष्ट परकी नाही. राकसकोप आणि हिडकल ही नावे आपल्या नळाशी जोडलेली आहेत. 2008 साली बेळगाव, हुबळी-धारवाड आणि गुलबर्गा येथील निवडक भागांत चोवीस तास पाणी सुरू झाले. खानावळ, लाँड्री, बेकरी चालवणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना विहिरीवरून, बोअरवरून किंवा टँकरवरून नळावर यावे लागले आहे, लागणार आहे. तेव्हा एवढे लक्षात ठेवा:

1. पंधरा दिवसांचा खप लिहून काढा.
2. जुन्या आणि नव्या, दोन्ही पाण्यांची तपासणी करा.
3. दोन लाइन कुठेही जोडू नका.
4. टाकी धुतल्याशिवाय नवे पाणी घेऊ नका.
5. बदल मंदीच्या दिवशी करा, जुनी सोय महिनाभर राहू द्या.
6. अहवाल गिऱ्हाइकाला दिसेल असा लावा.

हे शेवटचे काम भावजींनी न विसरता केले. गल्ल्यामागे, देवाच्या तसबिरीशेजारी, पाण्याचा अहवाल लावलेला आहे. एका म्हाताऱ्या हमालाने तो वाचायचा प्रयत्न करून विचारले, ‘‘भैया, ये पानी कहाँ का है?’’

भावजी मला म्हणाले, ‘‘हा प्रश्न मला वीस वर्षांपूर्वी कुणी विचारायला हवा होता.’’

परत आल्यावर सकाळी सासूबाईंची हाक ऐकली, ‘‘नळ बंतु!’’ मी घागर उचलली आणि पहिल्यांदाच विचारले, ‘‘ई नीरु एल्लिंद बंतु?’’