गोझोला जाताना एक प्रश्न सोबत घ्या

समजा, माल्टात परिषद आहे. तुमचं पोस्टर लावून झालंय, प्रश्न विचारणारे दोघं-तिघं येऊन गेलेत आणि परतीच्या विमानाला अजून दोन दिवस आहेत. जो भेटतो तो सांगतो, शेजारच्या गोझो बेटावर जाऊन या. तुम्ही फोनवर शोधता आणि यादी मिळते: लाल वाळूचा किनारा, मिठागरं, प्राचीन मंदिर, टेकडीवरचा किल्ला, समुद्रात कोसळलेल्या कमानीची जागा. यादीत चूक काही नाही. पण नेट-सेट झाल्यावर आपण जो पहिला सिनॉप्सिस लिहितो ना, ‘अमुक-तमुकचा अभ्यास’ छापाचा, त्याच्यासारखीच ती आहे. सगळं आहे, फक्त एका गोष्टीचा दुसरीशी संबंध काय ते कुठेच येत नाही.

गोझोपुरता तो संबंध थोडक्यात सांगता येतो. हे बेट पाच थरांचं आहे, आणि यादीतली जवळजवळ प्रत्येक गोष्ट कुठल्या ना कुठल्या थरामुळे तिथे आहे. माझा विषय गाळाचे खडक, त्यामुळे मी पक्षपाती आहे हे मान्य. तरीही पुढचं वाचून बघा.

पाचही थर समुद्रतळाशी साठले. सगळ्यात खालचा साधारण अडीच-तीन कोटी वर्षांपूर्वीचा, सगळ्यात वरचा ७० लाख वर्षांच्या आसपासचा. खालून वर मोजायचं: लोअर कोरॅलाइन चुनखडक, ग्लोबिजेरिना चुनखडक, निळी चिकणमाती, ग्रीनसँड आणि अप्पर कोरॅलाइन चुनखडक. कोरॅलाइन या नावावरून प्रवाळ डोळ्यांसमोर येतात, पण ते नाव चुना साठवणाऱ्या शैवालांवरून आलंय. अशी शैवालं उथळ, उजेडाच्या पाण्यात वाढतात. ग्लोबिजेरिना हे तरंगणारे सूक्ष्मजीव. त्यांची कवचं खोल तळाशी साचतात. म्हणजे समुद्र आधी उथळ होता, मग खोल झाला आणि शेवटी पुन्हा उथळ. तळचा आणि माथ्याचा चुनखडक कठीण, ग्लोबिजेरिना मऊ आणि चिकणमाती तर पावसात ओघळणारी. एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

गोझोच्या टेकड्या वरून टेबलासारख्या सपाट दिसतात, कारण माथ्यावर कठीण चुनखडकाची टोपी आहे आणि खाली मऊ चिकणमातीचा उतार. पावसाचं पाणी टोपीतून झिरपतं, चिकणमातीवर अडतं आणि कडेने झऱ्यांच्या रूपात बाहेर पडतं. शेजारच्या माल्टाच्या आग्नेय भागात वरचे थर बरेचसे झिजून गेलेत. गोझोवर ते टिकले, म्हणून गोझो जास्त हिरवं. जुनी गावंही याच सपाट माथ्यांवर आहेत. त्यातल्या एकाचं नाव नदूर, म्हणजे टेहळणीची जागा. माल्टी भाषा अरबीतून आलेली आणि हा शब्द ज्या अरबी धातूपासून आला, त्याच धातूपासून आपली ‘नजर’ आली.

आता किनारा, ज्यासाठी बहुतेक लोक जातात. किनाऱ्यावर जाण्याआधी बेटाचा भूशास्त्रीय नकाशा उघडा आणि वाळूचा मोठा किनारा कुठे असेल ते स्वतः सांगून बघा. दक्षिणेला लोअर कोरॅलाइनचे शंभर मीटरहून उंच कडे सरळ समुद्रात उतरतात, तिथे वाळू टिकायला जागाच नाही. उत्तरेकडे काही ठिकाणी दरी चिकणमाती कापत थेट समुद्रापर्यंत येते. मऊ थर लवकर झिजतो, दोन्ही बाजूंची कठीण टोकं मागे राहतात, मधे आडोशाची खाडी तयार होते आणि तिच्यात वाळू साचते. तिथे बोट ठेवलंत तर ते रामला किंवा सॅन ब्लास या किनाऱ्यावर पडेल. रामलाचं पूर्ण नाव रामला ल-हामरा, म्हणजे लाल वाळू. स्पेनमधल्या अल्हाम्ब्रा राजवाड्याच्या नावातला ‘लाल’ तो हाच. रंग लोहाचा. ग्रीनसँडमध्ये ग्लॉकोनाइट नावाचं लोहयुक्त खनिज असतं, ताजं असताना हिरवट आणि हवा-पाणी लागलं की तांबूस. त्यामुळे ग्रीनसँड हा थर उघड्यावर प्रत्यक्षात नारिंगी दिसतो. नावावर जाऊ नका, हे खडकांच्या बाबतीत नेहमीच खरं.

तुमचा अंदाज बरोबर आला म्हणून लगेच खूश होऊ नका. श्लेंदीला जा. ती कठीण खडकातली चिंचोळी खाडी आहे, तरी तिच्या टोकाला थोडी वाळू आहेच. मग ‘चिकणमाती असेल तरच वाळू’ हे विधान टिकत नाही. ‘मोठे किनारे चिकणमातीच्या दऱ्यांच्या तोंडाशी’ हे टिकतं. विधान असं छाटून नेमकं करणं, गाईडसमोर बसून आपण महिनोन् महिने तेच करत असतो.

रामलाच्या मागे वाळूच्या टेकड्या आहेत. माल्टाच्या बेटांवर अशा टेकड्या फारच थोड्या उरल्यात. तिथून चालू नका, आखलेल्या वाटेने जा.

मिठागरं उत्तर किनाऱ्यावर श्वेनीला. आपल्याकडची मिठागरं मातीच्या बांधांची. इथे उथळ चौकोनी हौद सरळ खडकात कोरलेत, कारण ग्लोबिजेरिना छिन्नीला सहज दाद देतो. उन्हाळ्यात अजूनही मीठ काढतात.

जिगांतियाच्या मंदिराला मात्र वेळ द्या. बांधकामाची सुरुवात इसवी सनापूर्वी ३६००च्या सुमाराची, म्हणजे इजिप्तच्या पिरॅमिडांच्या आधीची. युनेस्कोच्या यादीत १९८० पासून. काही शिळा पाच मीटरहून लांब आहेत. सगळे शिळांचा आकार बघतात, तुम्ही दगड बघा. बाहेरची भिंत कठीण कोरॅलाइनची, जो त्याच पठारावर मिळतो. आतल्या काही घडीव भागांना मऊ ग्लोबिजेरिना, जो पठारावर नाही; तो खालून वर आणावा लागला. धातूची हत्यारं नसलेल्या माणसांनी कुठला दगड झीज सोसेल आणि कुठला कोरता येईल हे ओळखून निवड केली होती. बांधणाऱ्यांनी मागे एक अक्षर ठेवलेलं नाही, पण हा निर्णय भिंतीत दिसतो. नंतरच्या लोककथेत मात्र हे सगळं एका राक्षसिणीने मूल खांद्यावर घेऊन बांधलं.

पश्चिमेला द्वेरा. इथे लोअर कोरॅलाइनची ‘अझुर विंडो’ ही कमान होती, साधारण २८ मीटर उंच. २०१३ मधल्या एका भूशास्त्रीय पाहणीचा सूर असा होता की झीज चालू राहील, पण कमान अजून काही दशकं टिकू शकेल. तरीही वर चढणाऱ्यांना आवरण्यासाठी डिसेंबर २०१६ मध्ये १५०० युरोंचा दंड जाहीर झाला. ८ मार्च २०१७ रोजी वादळात कमान खांबासकट कोसळली. त्या पाहणीला हसू नका. लाटा खांब पोखरतात ही प्रक्रिया कळणं वेगळं, खांब कोणत्या वर्षी जाईल हे कळणं वेगळं. पहिल्यावरून दुसरं सहज निघतं असं तुमच्या आराखड्यात लिहिलं असेल, तर मुलाखतीत नेमकं तिथेच अडवतील. आणि चुकीचा ठरण्याइतका स्पष्ट अंदाज लिहून ठेवलेला होता, म्हणून तर आज आपण त्यावर बोलू शकतोय.

जायचं कसं? माल्टाच्या उत्तर टोकाच्या चिरकेव्वाहून फेरी, साधारण २५ मिनिटं. तिकीट गोझोहून परतताना घेतात. वॅलेटाहून वेगवान बोटही आहे. बेटावरच्या बस व्हिक्टोरिया या मुख्य गावातून सुटतात, त्यामुळे एका दिवसात सगळं उरकायचा हट्ट धरू नका.

द्वेराला पायाखालचा खडकही बघा. लोअर कोरॅलाइन आणि ग्लोबिजेरिना यांच्या सीमेवर चपट्या समुद्री अर्चिनचे जीवाश्म दाटीने दिसतात, एखाद्या पुरीएवढे. पाणी उथळाचं खोल होत होतं, त्या काळातले ते. शेजारी नाणं ठेवून फोटो घ्या, उकरून काढू नका.